सातव्या चौकटीत एक जास्त

५ मार्च

पोचले एकदाची! एक पाय धक्क्यावर, एक पाण्यात आणि बॅग बोटवाल्या काकांच्या डोक्यावर, असा माझा थाटात प्रवेश झाला. काका हसले, मी हसले, आणि धक्क्यावर उभी असलेली धाकटी तर पोट धरून हसली आणि मग पळत येऊन गळ्यात पडली. चार वर्षांनी आम्ही दोघी बहिणी पुन्हा एका छपराखाली राहणार.

केंद्र छोटंसंच आहे. खाली प्रयोगशाळा, स्वयंपाकघर आणि हवेच्या टाक्या ठेवायची खोली, वर आमच्या खोल्या. माझी खिडकी समुद्रावर उघडते. धाकटीने चादर धुऊन घातली होती आणि टेबलावर सहा पेन्सिली टोक करून एका ओळीत मांडल्या होत्या. तिचं हे असं असतं. माणसाला तक्रारीला जागाच ठेवत नाही.

मी काम करायचे ते मत्स्यालय बंद पडल्यावर आठ महिने घरी बसले होते. धाकटीने शब्द टाकला म्हणून ही नोकरी मिळाली, हे आईने आज फोनवर मला तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सांगणार तोच रेंज गेली. समुद्राचे आभार.

७ मार्च

आज पहिली बुडी. उतरण्याआधी धाकटीने धक्क्यावर बसवून मला शिकवलं. मी तिच्या सहा वर्षं आधीपासून पाण्यात उतरते आहे, पण ऐकून घेतलं.

दोन वर्षांपूर्वी इथलं पाणी सलग सात आठवडे तापलेलं राहिलं आणि सगळी प्रवाळं पांढरी पडली. प्रवाळाच्या अंगात बारीक शैवाल राहतं. तेच त्याला भरवतं, रंगही त्याचाच. पाणी तापलं की प्रवाळ त्या भरवणाऱ्यालाच बाहेर काढतं आणि मग उपाशी मरतं. धाकटी म्हणाली, पांढरं पडलेलं प्रवाळ मेलेलं नसतं, तेव्हा ते फक्त एकटं पडलेलं असतं. ती असं बोलते. सरांना फार आवडतं. सर म्हणजे आमचे केंद्रप्रमुख.

प्रवाळ मेलं की सांगाडा उरतो, आणि सांगाड्यात कपारी, भोकं, फांद्या. तिथे नवे भाडेकरू येतात. फांद्यांत राहणारे छोटे खेकडे गेले आणि शेवाळ चरणारे शंख आले, काटेरी अर्चिन आले, भोकं पाडणारे किडे, स्पंज, कपारीतून लांब हात बाहेर काढणारे तारामासे आले. गंमत अशी, की बेरीज केली तर आकडा जवळपास पूर्वीइतकाच भरतो, कधी जास्तच. नुसती बेरीज बघणाऱ्याला वाटतं की सगळं ठीक आहे. धाकटीचं चार वर्षांचं काम या एकाच गोष्टीवर आहे: आकडा तोच, पण आतली माणसं वेगळी. प्राण्यांना ती माणसं म्हणते.

तळावर दहा चौकटी आहेत, प्रत्येकीच्या चार कोपऱ्यांत पोलादी खिळे ठोकलेले. आम्ही दोघींनी एकाच चौकटीतले प्राणी वेगवेगळे मोजायचे, एकमेकींच्या कागदात बघायचं नाही. कागद प्लॅस्टिकचा. वर तारीख, चौकटीचा क्रमांक, पाण्याचं तापमान आणि ‘मोजणारे’, तिथे नेहमी २. खाली प्राण्यांच्या ओळी आणि सगळ्यात शेवटी ‘अनोळखी’. संध्याकाळी दोन्ही कागद शेजारी ठेवायचे आणि जो आकडा मोठा तो वहीत चढवायचा. कारण पाण्याखाली असलेला प्राणी नजरेतून सुटतो, पण नसलेला कुणाला दिसत नाही. नियम शहाणपणाचा आहे. तेव्हा तरी मला तसं वाटलं.

११ मार्च

पाच दिवसांत एकही ओळ माझी वहीत चढलेली नाही. धाकटीचे एक्केचाळीस अर्चिन, माझे तेहतीस. तळावर काकडीसारख्या लोळणाऱ्या समुद्रकाकड्या तिच्या सहा, माझ्या चार. सर म्हणाले, चष्म्याचा नंबर बदलला असेल तर बघून घ्या. सगळे हसले. मीही हसले, न हसून सांगते कुणाला. काका तर म्हणाले की धाकट्या बाईंच्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटायची नाही.

जेवताना सरांनी सांगितलं की एप्रिलअखेर इथली एक जागा कायम होणार. एकच. धाकटीने ताटातून मान वर केली नाही, पण तिचे कान लाल झाले. लहानपणी बक्षिसाला नाव पुकारायच्या आधी व्हायचे तसे. माझं वय अडतीस. मला यानंतर कोण नोकरी देणार आहे? हिला कुणीही देईल.

पाण्यात असताना पाहिलं, ती मोजताना खडकाला हात लावत नाही, हलत नाही, श्वासाचे बुडबुडेसुद्धा हळू सोडते. सुंदर दिसते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. लिहून टाकलं, आता बरं वाटेल.

१४ मार्च

बरं वाटलं नाही.

आज सातव्या चौकटीत चुकून तिच्या कागदाकडे नजर गेली. चुकून म्हणजे मी पाहिलं. तिने शंख सतरा लिहिले होते. मी अठरा लिहिले. काकड्या पाच, मी सहा. प्रत्येक ओळीत एक जास्त. अठरावा शंख मी पाहिला नव्हता, तो नव्हताच. संध्याकाळी सगळी वही माझ्या आकड्यांनी भरली. सरांनी पाठ थोपटली. धाकटीने टाळ्या वाजवल्या! मनापासून! मला तो घास गोड लागला, हे इथे कबूल करते. शंखाबद्दल खोटं बोलून कुणाचं काय बिघडतं?

१९ मार्च

पाच दिवस हेच चाललं आहे. आज धाकटी माझ्या खोलीत आली, दारातच उभी राहिली, आणि फार संकोचून म्हणाली की ताई, मी सातवी चौकट तीन वेळा मोजली, मला प्रत्येक वेळी सतराच मिळतात. रागावू नकोस म्हणाली. मी रागावले. मी म्हटलं की तुला सवय नाही ना दुसऱ्या नंबरची. ती गेली. चहा तसाच टेबलावर ठेवून गेली, माझ्यासाठी आणलेला.

२१ मार्च

आज काहीतरी विचित्र झालं. सातव्या चौकटीत आज मी खरंच मोजलं, तिच्या कागदाकडे न बघता. शंख अठरा. काकड्या सहा. तारामासे, अर्चिन, सगळं मी चौदा तारखेला मनाने लिहिलं होतं तितकंच, ना एक कमी, ना एक जास्त. अठरावा शंख चौकटीच्या मधोमध बसला होता.

आणि धाकटीने माफी मागितली! तिलाही आज अठरा मिळाले. म्हणाली, ताई, माझीच नजर कच्ची, तू बरोबर होतीस. तिने माझा हात हातात घेतला. शिव्या दिल्या असत्या तर मी सोसल्या असत्या. माफी सोसवत नाही.

२४ मार्च

पुन्हा करून पाहिलं, मुद्दाम. दुसऱ्या चौकटीत खेकडे नव्हते. मी तीन लिहिले. आज तिथे तीन आहेत. एका फांदीवर ओळीने बसलेले, पेन्सिली मांडाव्यात तसे.

घाबरायला हवं होतं. मी घाबरले नाही. माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की हे धाकटीला जमत नाही.

२७ मार्च

सातव्या चौकटीच्या कागदावर शेवटच्या ओळीत मी लिहिलं, अनोळखी: १. चार वर्षांत तिने त्या ओळीत कधी काही लिहिलेलं नाही, कारण ती सगळ्यांना ओळखते. सर खुर्चीतून उठून आले. कसा दिसतो, विचारलं. मी म्हटलं की फिकट, कपारीत बसलेला, नीट पाहता आला नाही. आज जेवणाच्या टेबलावर सगळं बोलणं माझ्याशी होतं. रोजच असं व्हावं.

३० मार्च

तो आहे.

मेलेल्या प्रवाळाच्या खालच्या कपारीत, आत, अंग चोरून. मासा नाही, खेकडा नाही. फिकट, उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा. हात असावेत, पण ते इतके दुमडून घेतलेले की मोजता येईनात. डोळे दिसले नाहीत. तरी मी पेन्सिल उजवीकडे नेली की तो उजवीकडे वळे, डावीकडे नेली की डावीकडे.

धाकटीलाही दिसला. ती वर आली ती आनंदाने ओरडतच. तिने बारा फोटो काढले, पाच चित्रं काढली, रात्रीचं जेवण विसरली.

१ एप्रिल

सरांचा निर्णय: त्या प्राण्यावरचा लेख धाकटी लिहिणार. तिला शब्द चांगले सुचतात म्हणे. माझं नाव दुसरं. कायम जागेचंही आता जवळपास ठरल्यातच जमा आहे, असं हसत हसत म्हणाले, आणि माझ्याकडे बघून म्हणाले की ताईंनाही आनंदच होईल.

माझा प्राणी! मी लिहिला तो! तिने फक्त पाहिला.

धाकटी म्हणाली, मी सरांना सांगते, तुझंच नाव पहिलं यायला हवं. म्हणजे तेही तिच्याच मेहेरबानीने यायचं. आईला फोन आधीच गेला होता. आई रडत होती, आनंदाने, आणि मला म्हणाली की तू पण शीक काही तिच्याकडून.

२ एप्रिल

आज सातव्या चौकटीपाशी उतरले. धाकटी समोर, तशीच शांत, तिचे बुडबुडे हळूहळू वर जाताहेत. कागदाच्या वर तारीख लिहिली. तापमान लिहिलं. ‘मोजणारे’ समोर मी १ लिहिलं.

रागाने. फक्त रागाने. मनात एवढंच होतं की हे माझं काम आहे, मी एकटीने केलेलं.

मान वर केली तर समोर पाणी.

खडकामागे पाहिलं. दहाही चौकटी पाहिल्या. हवा संपत आली तेव्हा वर आले आणि काकांना किंचाळून सांगितलं की धाकटी वर आली नाही. काका गोंधळले. म्हणाले, कोण धाकटी? बाई, तुम्ही एकट्याच तर उतरलात, रोज एकट्याच उतरता. बोटीत टाकी एकच होती. वरच्या मजल्यावर तिच्या खोलीत जाळी आणि दोर भरलेले आहेत, धूळ साचलेले. आईला फोन केला. आई म्हणाली, उन्हात फिरू नकोस, आणि मग थांबून, जरा काळजीने म्हणाली की तू माझी एकुलती एक, तुला काही झालं तर मी काय करू.

३ एप्रिल

दिवसभर शोधलं. कपाटं, कागद, वह्या. वहीतलं सगळं अक्षर माझं आहे. चार वर्षांचं. तिचे फोटो नाहीत. फक्त या रोजनिशीत ती आहे.

५ एप्रिल

खोटं लिहिणार नाही. आज दुपारी सरांनी कायम जागेचं पत्र माझ्या हातात ठेवलं. काकांनी तोंड भरून कौतुक केलं की बाईंच्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटायची नाही. आई अर्धा तास माझ्याशी बोलली, फक्त माझ्याबद्दल. अडतीस वर्षांत पहिल्यांदा.

मला सुख वाटलं. तासभर तरी वाटलं. मग चहा करायला गेले आणि सवयीने दोन कप काढले.

७ एप्रिल

सहा पेन्सिली बोथट झाल्या. टोक कोण करणार? एवढ्याशा गोष्टीवरून टाक्यांच्या खोलीत बसून रडले. तिच्याशिवाय मी कुणापेक्षा चांगली आहे तेही कळत नाही.

आज कपारीत वाकून पाहिलं. तो फिकट प्राणी नाही. वहीत आहे, चौकटीत नाही. इतके दिवस माझा एकही आकडा खोटा पडला नव्हता.

८ एप्रिल

सुचलं. इतकं सोपं. सातव्या चौकटीपाशी गेले, नवा कागद काढला आणि मोजणारे समोर २ लिहिलं. मोठं, ठळक. चुकले, म्हणाले, तोंडातल्या नळीतूनच. परत ये. जागा तुझी, लेख तुझा, सगळं तुझं.

९ एप्रिल

सकाळी स्वयंपाकघरात धाकटी बसली होती.

मी तिला इतकं घट्ट धरलं! ताई, म्हणाली. आवाज तोच. जाळी आणि दोर पुन्हा खालच्या खोलीत आहेत, जणू कायम तिथेच होते. काकांनी बोटीत दोन टाक्या ठेवल्या. आईने दोघींची चौकशी केली. सगळं जागेवर आलं. आकडा जुळला.

तिचा हात फार गार होता, एवढंच. पाण्यातून आल्यासारखा.

१२ एप्रिल

चहा पीत नाही. कप दोन्ही हातांत धरून बसते, आणि मी कप ठेवला की ठेवते.

खुर्चीत बसत नाही. कपाट आणि भिंत यांच्यामधल्या सांदीत अंग चोरून बसते. सर म्हणाले, काय ही तुमची बहीण, अजून लहानच आहे. हसले.

धाकटी भांडी घासताना गुणगुणायची, एकही सूर धड नाही. ही गुणगुणत नाही. मी मुद्दाम तिच्यासमोर बेसूर गुणगुणले. तिने मान उजवीकडे वळवली, डावीकडे वळवली. दुसऱ्या दिवशी गुणगुणली. माझ्याच चुकांसकट.

आकडा तोच. आतलं माणूस —

तिचंच वाक्य आहे हे. मी तिचं काम कधी नीट वाचलंच नाही. जो गेला तो त्या जागेवर परत येत नाही. रिकाम्या जागेत जवळ जो असेल तो येऊन बसतो.

१५ एप्रिल

पाण्यात ती माझ्याहून कमी मोजते. मी वीस तर ही एकोणीस. सर मला म्हणाले, धाकटीला जरा शिकवा. मला हवं होतं ते अगदी हेच. देवा, अगदी हेच हवं होतं मला.

आईला सांगावं म्हटलं. आई फोनवर हिच्याशी हसत होती. आईचा तो आवाज ऐकला आणि काही सांगवेना. पुन्हा १ लिहिता येईल, कागद माझ्याच हातात असतो. पण ते लिहिलं की दोघींतली कोण जाईल? आणि आईची धाकटी दुसऱ्यांदा जाईल, हिला आई धाकटीच समजते. नाही. तो आकडा मी पुन्हा लिहिणार नाही.

१८ एप्रिल

आज सारखे. वीस आणि वीस.

आई माझ्याशी बोलत होती, माझ्या कायम जागेबद्दल, आणि ही सांदीतून माझ्याकडे बघत होती. ती नजर मला ठाऊक आहे. महिनाभर मी आरशात पाहिली आहे.

२० एप्रिल

तिचे एकवीस. माझे वीस. तो एकविसावा नव्हता — मी शपथेवर सांगते — नव्हता.

२१ एप्रिल

आज होता.

२३ एप्रिल

प्रत्येक ओळीत एक जास्त. सरांनी तिची पाठ थोपटली. मी टाळ्या वाजवल्या. हात थांबेनात. तिने टाळ्यांकडे पाहिलं आणि —

तिचं समाधान होत नाही. माझंही झालं नव्हतं.

२५ एप्रिल

कागद आता ती सांभाळते. सर म्हणाले, धाकट्या बाईंचं अक्षर बरं आहे. पेन्सिली तिच्याकडे. सहा. टोक केलेल्या. मी पाण्यात उतरणार नाही म्हटलं. तिने आग्रह केला नाही. एकटीच गेली. खिडकीतून बोट दिसते आहे. ती कागद घेऊन उतरली. आज सातवी चौकट.

नंतर —

बोट परत आली. काका धक्क्यावरून हाक मारत होते, मी हात केला. त्यांनी खिडकीकडे पाहिलं आणि आरपार पाहिल्यासारखी मान फिरवली.

माझ्या पलंगावर दोराचं भेंडोळं आहे. मघाशी नव्हतं.

लवकर लिहायला हवं. एकही जास्त नाही, एकही कमी नाही. होती तेवढीच लिहिते —

धाकटी होती. खरी होती. चौतीस वर्षांची. उजव्या भुवईत खोक, मी झोपाळ्यावरून ढकललं तेव्हाची. आईला तिने सांगितलं होतं की आपणहून पडले. डावखुरी. लाजली की कान लाल. माझ्या लग्नाची बोलणी मोडली तेव्हा आठ दिवस माझ्याजवळ झोपली, एक शब्द न विचारता. मला नोकरी हवी म्हणून सरांसमोर ती तीन वेळा गेली होती, काका म्हणाले होते, मी लिहिलं नाही, मुद्दाम. शंख सतराच होते. ती बरोबर होती. प्रत्येक वेळी ती बरोबर होती, आणि मला ती फार — मी तिच्यावर किती जळले, पण त्याहून जास्त मी तिच्यावर —

दोर माझ्या वहीवर — सरकवला — अक्षर फिकट होतंय, पेन्सिल दाबून — आई, तुला दोन मुली होत्या, एक मी आणि दुसरी, दुसरीचं नाव